सेफ्टीवाले आले आणि ड्रिलखालच्या विटा सापडल्या (कुपवाड एमआयडीसी, ट्रेनिंग सर्व्हिसचा अनुभव)

आधीच सांगतो, नाव टाकत नाहीये. एकतर सेफ्टीचं ट्रेनिंग देणारी ही काय मोठी कंपनी नाही, दोघंच आहेत, एका मोठ्या कारखान्यातनं सेफ्टी ऑफिसर म्हणून रिटायर झालेले सर आणि त्यांच्याबरोबर समुपदेशन करणाऱ्या एक मॅडम. दुसरं म्हणजे त्यांच्याबद्दल लिहिता लिहिता आमच्याच घरची धुणी चव्हाट्यावर येणारेत, त्यामुळं आमचे मालक म्हणाले लिही खुशाल, पण नावं नकोत, कुणाचीच. तर सांगली मिरज कुपवाडकडच्या ज्यांना असली सर्व्हिस घ्यायचीय त्यांनी घेताना काय बघावं, कशाचे पैसे वसूल होतात नि कशाचे नाही एवढ्यासाठी वाचा. लांबलंय जरा, चहा घेऊन बसा.

आमचं युनिट कुपवाडला, छोटी फौंड्री आणि तिला लागून मशीन शॉप. पंपाची नि व्हॉल्व्हची कास्टिंग ओततो, मशिनिंग करून देतो. पेरोलवर ५८ माणसं आणि कंत्राटदाराची तीसपस्तीस पोरं, ऑर्डरप्रमाणं कमीजास्त. मी सुपरवायझर, १४ वर्षं झाली. आमच्यात सेफ्टी ऑफिसर नाही आणि कायद्यानं लागतही नाही, जुन्या १९४८ च्या कारखाने कायद्यात ती सक्ती १००० कामगारांपासनं होती, त्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार सुरक्षा कोडमध्ये ५०० वर आणली आणि धोकादायक प्रक्रिया असंल तर २५० वर, आम्ही सगळ्यांच्याच खाली. म्हणजे काय तर सेफ्टी ऑफिसर मीच, सेफ्टी कमिटीचा सेक्रेटरी मीच, आणि मीटिंग न होता तिची मिनिट्स लिहिणारा पण मीच. हसू नका, तुमच्यातही असंच असंल.

मग ही सर्व्हिस घेतली कशाला, तर पुण्याकडच्या एका कस्टमरला आमच्याकडं आयएसओ ४५००१ पाहिजे होतं, म्हणजे कामगारांच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक. २०१८ ला ते आलं नि आधीचं १८००१ गेलं, आणि या नव्यात कामगारांशी सल्लामसलत आणि त्यांचा सहभाग यावर वेगळं कलमच आहे. कस्टमरचा ऑडिटर आला तो फायलींकडं बघेनाच, सरळ कोअर शॉपमधल्या (कास्टिंगच्या आतल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे बनवतात तिथल्या) एका मावशींना विचारलं की सेफ्टीबद्दल तुमचं मत इथं कुणी विचारतं का? मावशींनी आधी माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि म्हणाल्या, "साहेब सांगतील की." संपलं तिथंच. मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

तर ओळखीतनं हे सर मिळाले. चार्ज दिवसाला १२ हजार अधिक जीएसटी, दोन दिवस ट्रेनिंग आणि पुढं सहा महिन्यांत तीन व्हिजिट, त्या निम्म्या रेटनं. मला मनातनं वाटलं झालं, आता परत तेच. दरवर्षी ४ मार्चला आम्ही बॅनर लावतो, शपथ वाचतो, वडापाव वाटतो, फोटो काढतो नि कस्टमरला मेल करतो. (४ मार्च का, तर १९६६ ला त्या दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली म्हणून, हे मला १४ वर्षांत पहिल्यांदा कळलं, शपथ मात्र तोंडपाठ.)

सरांची पहिली अट ऐकूनच मालक चमकले. पहिला दिवस कामगारांना घेणारच नाही म्हणाले. मालक, मॅनेजर, आम्ही तिघं सुपरवायझर, मेंटेनन्सवाले काका आणि कंत्राटदार, एवढेच बसणार, आणि मालक शेवटपर्यंत बसणार असतील तरच येतो. कंत्राटदार म्हणाला मी कशाला, तर सर म्हणाले तुझ्याच पोरांना सगळ्यात जास्त लागलेलं असणार, तू पहिल्या खुर्चीत बस. मालक सकाळी सव्वादहाला आले नि दुपारी जेवणानंतर सटकले हेही लिहितो, कारण अट मोडली तरी सर गेले नाहीत. तिथं त्यांनी जरा ताठ राहायला पाहिजे होतं असं माझं मत.

आता पहिल्या दिवसातली एक गोष्ट सांगतो जी मला लागली. आपल्याकडं प्रत्येक कारखान्यात तो त्रिकोण लावलेला असतो बघा, वर एक मोठा अपघात, खाली २९ छोटे, त्याच्या खाली ३०० नुसतंच बचावलेले. हे हाइनरिक नावाच्या अमेरिकेतल्या विमा कंपनीतल्या माणसानं १९३१ साली मांडलं, आणि त्याचंच दुसरं म्हणणं असं की शंभरातले ८८ अपघात कामगाराच्या चुकीच्या वागण्यानं होतात. सर म्हणाले मी वीस वर्षं हा ८८ चा आकडा छाती फुगवून शिकवला, आणि मग कधीतरी डोक्यात आलं की हा माणूस बघत काय होता? विम्याचे क्लेम आणि कारखान्यातनं आलेले रिपोर्ट. ते रिपोर्ट लिहीत कोण होतं? आणि असं म्हणून ते आम्हा तिघा सुपरवायझरांकडं बघत गप्प उभे राहिले. मी पेन खाली ठेवला. कारण "अपघाताचे कारण" या रकान्यात मी आजवर काय लिहीत आलो ते मला चांगलं माहीत होतं, दोनच शब्द, शिक्का करून घेतला असता तर बरं झालं असतं : कामगाराचा निष्काळजीपणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लाइड नाही, काही नाही, सर शॉपमध्ये येऊन ड्रिल मशीनपाशी उभे. अर्धा पाऊण तास. हात मागं बांधून, वही नाही, मोबाईल नाही, नुसतं बघत. ड्रिलवरचा पोरगा आटपाडीकडचा, अंगानं बारीक, उंचीला कमी, त्याला पहिल्यांदा वाटलं हे टायमिंग घ्यायला आलेत म्हणून त्यानं हात जोरात चालवायला सुरवात केली. मग थोड्या वेळानं विसरला. आणि मग सरांनी एकच विचारलं, "बाळ, पायाखाली विटा कशाला रे?"

मी वाकून बघितलं तर खरंच. दोन विटा, शेजारी शेजारी, त्यावर पुठ्ठा, पुठ्ठा कूलंटनं, म्हणजे ड्रिल गार ठेवायच्या पाण्यानं, भिजून काळा झालेला. टेबल उंच पडतं म्हणून तो विटांवर उभं राहून काम करत होता, हँडल ओढताना एक वीट हलायची नि तो परत पाय जुळवून घ्यायचा, दिवसभर, फिरत्या ड्रिलसमोर. "मी आलोय तवापास्नं हायत्या," म्हणाला, "आधीचा बी त्याच्यावरच हुबारायचा." सहा वर्षांत किती ऑडिट झाले आमच्यात, पिवळे पट्टे कुठं फिके झालेत ते सगळ्यांनी लिहिलं, फायर एक्स्टिंग्विशरची तारीख सगळ्यांनी बघितली, आणि विटा कुणालाच दिसल्या नाहीत, मलाही नाहीत, आणि मी त्या मशीनपास्नं दिवसातनं वीसवेळा जातो. मेंटेनन्सच्या काकांनी भंगारातली चेकर्ड प्लेट घेऊन तासाभरात वेल्डिंग करून पाट बनवून दिला. खर्च किती? शून्य. वेल्डिंगच्या कांड्या धरल्या तर शंभर रुपये.

पण खरी गंमत पुढं आहे, म्हणजे गंमत कसली. सर म्हणाले, हातात ग्लोव्ह का घातलेत? मी पुढं होऊन सांगितलं, सर आमच्यात कंपल्सरी आहे, नसले तर ५० रुपये दंड, मीच लावलाय. मला वाटलं शाबासकी मिळंल. ते म्हणाले फिरत्या ड्रिलवर ग्लोव्ह घालायचे नसतात, ग्लोव्हचं बोट एकदा स्पिंडलमध्ये, म्हणजे फिरत्या दांड्यात, गुंडाळलं की हात पण आत जातो, उघडा हात असला तर खरचटून तरी सुटतो. हे मला माहीत नव्हतं का? आयटीआयला शिकवलं होतं की. पण दंडाचा नियम काढताना सगळ्या शॉपला एकच नियम सोपा म्हणून मी काढला. मग त्यांनी पोराला विचारलं तुला काय वाटतं, तर तो एकदम बोलायलाच लागला, की साहेब जॉब उचलताना कडेची बर लागती, हात फाटत्यात, म्हणून ग्लोव्ह पायजेत, आणि ड्रिल मारताना नको वाटत्यात, पर एका जॉबला चाळीस सेकंद, शिफ्टला पाचशे-सहाशे जॉब, दरवेळी काढू कवा नि घालू कवा?

बघा म्हणजे. दोन्हीकडनं तो बरोबर आणि आमचा नियम दोन्हीकडनं चूक. उपाय कुठं निघाला तर ड्रिलवर नाहीच, फेटलिंगला, म्हणजे ओतलेलं कास्टिंग घासून साफ करतात तिथं. तिथं कडेची बर, म्हणजे धारदार कंगोरा, नीट काढून जॉब पुढं पाठवायचा ठरलं, जॉबमागं काही सेकंद वाढले, फेटलिंगवाल्यांनी थोडी कुरकुर केली, आणि ड्रिलवरचे ग्लोव्ह गेले. दंड पण गेला. सरांनी बोर्डावर उतरंड काढून दाखवली की धोका आधी मुळातनं काढता येतो का बघा, मग बदलता येतो का, मग मशीनला गार्ड बिर्ड काही, मग नियम, पाट्या, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट ग्लोव्ह मास्क. आम्ही सुरवातच शेवटापास्नं करत होतो, कारण ग्लोव्ह विकत आणले की बिल फाइलला लागतं.

आता हे लिहायचं की नाही यावर दोन दिवस घालवलेत, पण लिहितो. दोन वर्षांपूर्वी याच ड्रिलवर कंत्राटातल्या एका पोराचा ग्लोव्ह अडकला होता. करंगळी मोडली, टाके पडले. कायद्याप्रमाणं कामगार ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही तर अपघात कळवावा लागतो. तर आपल्याकडं काय करतात हे एमआयडीसीत कुणालाही विचारा, मीही तेच केलं, दुसऱ्या दिवशी दुपारी त्याला रिक्षानं बोलावून घेतलं, गेटजवळ स्टुलावर बसवलं, हजेरी मांडली, रजिस्टर क्लीन. हाताला एवढं मोठं बँडेज नि पोरगं आठ दिवस गेटवर बसून येणाऱ्या गाड्यांचे नंबर डाव्या हातानं लिहीत होतं. त्याचं ईएसआयचं (सरकारी कामगार विम्याचं) कार्ड आहे की नाही हे मला त्या दिवशी कंत्राटदाराला फोन करून शोधावं लागलं. आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिलं ते वर सांगितलंच. ग्लोव्हचा नियम माझा, दंड माझा, आणि निष्काळजीपणा त्याचा. कंत्राटदार बदलला तसा तो पोरगा गेला. या ट्रेनिंगनंतर त्याचा जुना नंबर काढून लावला, बंद येतो.

याला जोडून तो बोर्ड. गेटच्या आत आमचा मोठा निळा बोर्ड होता, "आजअखेर अपघातविरहित दिवस", खडूनं आकडा टाकायचा. शंभर दिवस झाले की सगळ्यांना साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा, ही आयडिया मालकांची, प्रेमानं काढलेली, त्यात खोट नाही. सरांनी कामगारांच्या बॅचला, आम्हाला बाहेर काढून, विचारलं की पेढ्याच्या आधीच्या आठवड्यात काय होतं? नंतर आम्हाला नावं न घेता सांगितलं. पोरिंगला, म्हणजे वितळलेलं लोखंड ओततात तिथं, एकाच्या मनगटावर लोखंडाचा शिंतोडा उडून भाजलं होतं आणि त्यानं पंधरा दिवस फुल शर्ट घालून ते लपवलं, कारण आकडा ९४ वर होता आणि बाकीचे म्हणाले असते तुझ्यामुळं पेढे गेले. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बोर्ड काढा म्हणाले. पेढे बंद करू नका, सर म्हणाले, कशाला देताय ते बदला.

त्यातनं निघाली ती वही. इंग्रजीत त्याला निअर मिस म्हणतात, फॉर्म असतो, सतरा रकाने असतात, आमच्यात पण होता नि कोरा होता. सरांनी शंभर पानी साधी वही आणायला लावली आणि पोरांनाच नाव विचारलं, एकजण म्हणाला "थोडक्यात वाचलो", तेच वर लिहिलं. चहाच्या टेबलावर दोरीनं बांधलेली असते, पेनासकट (पेन तिसऱ्यांदा गेलंय). नाव लिहायची सक्ती नाही, लिहिता येत नसंल तर दुसऱ्याकडनं लिहून घ्या, आणि नियम एकच की त्याच्यासमोर सात दिवसांत सुपरवायझरनं काय केलं किंवा का जमत नाही ते लिहायचं. जमत नाही लिहिलं तरी चालतं, गप्प बसलेलं चालत नाही. जो लिहील त्याच्या टेबलाला त्या दिवशी चहाबरोबर भडंग, सांगलीच ही शेवटी.

पहिले पाच दिवस वही कोरी. सहाव्या दिवशी कुणीतरी "वहीला पेन नाही" असं खडूनं टेबलावर लिहिलं. मग सुरू झालं. पहिल्या दोन महिन्यांत आलेलं मी परत वाचलं तर हेल्मेट-बूट असलं फार कमी. "क्रेनचा हुक उतरताना कडेला झुलतो." "ग्राइंडरचा टूल रेस्ट लांब गेलाय, जॉब आत ओढतो." (टूल रेस्ट म्हणजे जॉब टेकवायची पट्टी. हे खरं होतं, दगडापासनं ३ मिलिमीटरच्या आसपास पाहिजे तिथं माझं बोट जात होतं, त्याच दिवशी बसवला.) "पगारातनं ईएसआयचा पाऊण टक्का कापताय, कार्ड अजून नाही." "सेकंड शिफ्ट सुटल्यावर मिरजेकडं जायला काही मिळत नाही, शेवटचा अर्धा तास सगळ्यांचं लक्ष घड्याळात." आणि एक, अक्षर मी ओळखलं पण बोललो नाही, "साहेब सकाळी सकाळी आईवरनं शिवी देतात, मग दिवसभर हात कापतो."

हे माझ्याबद्दल होतं. समोर सात दिवसांत मलाच उत्तर लिहायचं होतं. सहाव्या दिवशी लिहिलं, "बंद केली." तशी पूर्ण बंद झालेली नाही, पण आईवरनं नाही.

बायकांचं वेगळं सांगायला पाहिजे कारण हे मॅडमनी बाहेर काढलं, सरांच्या बापाला जमलं नसतं. कोअर शॉप आणि पॅकिंगला मिळून आमच्यात ११ जणी आहेत. मॅडम त्यांच्याबरोबर डबा खायला बसल्या, नुसत्या, प्रश्न नाही विचारला. डब्याबरोबर कुणीच पाणी घेत नाही हे त्यांनी बघितलं. एप्रिल महिना, आपल्याकडं ऊन चाळिशीला जाऊन येतं, भट्टी शेजारी, आणि पाणी नाही. कारण लेडीज टॉयलेटला कुलूप, चावी सिक्युरिटीकडं, दरवेळी त्या गेटवरच्या माणसाकडं जाऊन चावी मागायची नि तो म्हणणार "आता तर गेला होता की". तर त्या सकाळपासनं पाणीच पीत नव्हत्या. एकीला दोनवेळा लघवीचं इन्फेक्शन होऊन सुट्ट्या झाल्या होत्या, त्या माझ्याकडं "वैयक्तिक कारण" म्हणून मांडलेल्या. कुलूप त्याच दिवशी निघालं, आतून कडी बसली. पाण्याचा कूलर पण हलवला कारण तो हात धुवायच्या नळाला चिकटून होता, जुन्या कारखाने कायद्यात ६ मीटरचं अंतर सांगितलं होतं, आमचं होतं दोन फूट.

आता जे आवडलं नाही ते. मॅडमचं दुसऱ्या दिवशी दुपारचं सेशन, मन मोकळं करा वगैरे, ते फसलं. सगळ्यांना गोल बसवलं, डोळे मिटा, खोल श्वास घ्या, जेवण झालेलं, फॅन चालू, भट्टीवरचे दोघं तिघं खरोखर झोपले. मग जोड्या करून नाटक, एकानं सुपरवायझर व्हायचं नि एकानं कामगार, त्यात आमच्या टर्नर मामांनी माझी अशी नक्कल केली की पुढचा अर्धा तास फुकट. लोकांना हसायला झालं, पण शिकायला काय मिळालं विचाराल तर नाही. उलट ज्या वेळी त्या मशीनपाशी जाऊन एकेकाशी पाच मिनिटं बोलल्या ते कामाला आलं. सीएनसीवरचा आमचा एक चांगला पोरगा महिनाभर चुका करत होता, मी त्याला दोन मेमो दिले होते, मॅडमना त्यानं सांगितलं की आई मिरजेला दवाखान्यात आहे, रात्री तिथं बसतो नि सकाळी फर्स्टला येतो. मला एकदा विचारायचं सुचलं नाही, मेमो टाइप करायचं मात्र सुचलं. सेकंडला बदलून दिला, चुका थांबल्या. लॉकरच्या दारांवर त्यांनी १४४१६ चे स्टिकर लावलेत, सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, फुकट आहे, कुणी लावला का फोन ते विचारायचं नाही असं त्यांनी बजावलंय.

त्यांनी मलाही विचारलं, तुमचं काय? मी म्हटलं माझं काय, बरंय. त्या गप्पच. मग माझ्या तोंडातनं आलं की रात्री साडेअकराला मालकांचा ग्रुपवर मेसेज येतो, उद्याचं डिस्पॅच, आणि तो वाचल्याशिवाय झोप येत नाही नि वाचल्यावरही येत नाही. सकाळी येऊन मी कुणाला शिव्या घालतो हे मी त्यांना सांगितलं नाही, पण त्यांनी वही वाचली असावी. आता ठरलंय की रात्री १० नंतर ग्रुपवर मेसेज नाही. मालक पाळतात आठवड्यातनं चार दिवस. बाकी दिवशी मला पर्सनलवर टाकतात.

मालकांना सरांनी काम दिलं होतं आठवड्यातनं एकदा शॉपमध्ये २० मिनिटं फिरायचं, फोन खिशात, आणि चूक काढायची नाही, फक्त विचारायचं की तुला काम करताना कशाचा त्रास होतो. त्यासाठी त्यांना अमेरिकेतल्या अल्कोआ कंपनीची गोष्ट सांगितली, १९८७ ला पॉल ओनील तिथं मुख्य झाला आणि शेअरवाल्यांच्या पहिल्याच मीटिंगला नफ्याबद्दल न बोलता कामगारांच्या सेफ्टीबद्दल बोलला, लोकांना वाटलं येडा आलाय, पण पुढं अपघातही घटले नि नफाही वाढला. मालकांनी यातला नफा तेवढा ऐकला असं मला वाटलं. पहिल्या फेरीला वीस मिनिटांतली पंधरा स्क्रॅपवरनं बोलण्यात गेली, कुणाला काय विचारलं नाही. दुसऱ्या फेरीला विचारलं पण उत्तर यायच्या आत पुढं गेले. तिसऱ्या का चौथ्या वेळी कोअर शॉपमध्ये मावशींशेजारी उकिडवे बसले नि विचारलं. मावशी म्हणाल्या, "गुडघं दुखत्यात, बसून बसून." आता तिथं कमरेएवढी टेबलं आलीत, उंच स्टूल आलेत.

माणूस वाईट नाही हो आमचा. २०१९ च्या महापुरात आमचा भाग उंचावर म्हणून वाचला, पण गावभाग, सांगलीवाडी, हरिपूरकडच्या आमच्या पोरांची घरं पाण्यात गेली, तेव्हा याच माणसानं आठ दिवस शेडमध्ये तीस-चाळीस जणांचा संसार ठेवला, चूल पेटवली, कुणाची हजेरी कापली नाही. तेव्हा आम्हाला वेलबीइंग शब्द कुणी शिकवला नव्हता. पूर ओसरला नि परत स्क्रॅप, डिस्पॅच, टार्गेट सुरू झालं.

बाकी तक्रारी पटकन सांगतो. पहिल्या दिवसाच्या स्लाइड निम्म्या इंग्रजीत, मेंटेनन्सच्या काकांनी सरळ विचारलं हे कुणासाठी आहे. कंत्राटातली पोरं सुरवातीला बॅचमध्ये धरलीच नव्हती कारण मालकांनी डोकी मोजून जेवण सांगितलं होतं, सर अडून बसले म्हणून घेतली, इथं मात्र ते ताठ राहिले. सर्टिफिकेट लॅमिनेशन करून दिलंय, त्यात सहा जणांची नावं चुकलेली, अजून दुरुस्त होऊन आली नाहीत. तीनपैकी एक व्हिजिट त्यांनी पुढं ढकलली दोनवेळा, फोन उचलत नाहीत लवकर. आणि सेकंड शिफ्टच्या गाडीचं काय झालं नाही, वहीत समोर मी "मालकांशी बोलतोय" असं तीनदा लिहिलंय.

घ्यायची का? मशीनला गार्ड, क्रेनचं टेस्टिंग, प्रेशर व्हेसलचं सर्टिफिकेट हे सगळं जागेवर नसंल तर आधी ते करा, हे लोक ते करून देत नाहीत नि त्याला पर्याय पण नाहीत. ते असंल आणि मालक दोन दिवस बसायला तयार असंल तर घ्या. मालक बसणार नसंल तर पैसे घालवू नका, त्यापेक्षा शंभर पानी वही आणा नि दोरी बांधा, तीस रुपयांत होतंय. आणि एक, सहा महिन्यांनी आमच्याकडं नोंदलेल्या किरकोळ दुखापती वाढल्यात, कमी नाही. मॅनेजर घाबरले होते आकडा बघून, सर म्हणाले आता कुठं दिसायला लागल्यात.

चार स्टार देतोय. पाचवा पूर्ण देणार नाही, चुकलेली नावं नि फोन यासाठी अर्धा कापला. उरलेला अर्धा त्यांचा नाही, आमचाच आहे खरं तर. फेटलिंगला सरांनी आवाज मोजला तेव्हा मीटरनं ९८ डेसिबल दाखवलं, आठ तासांना ९० च्या वर नको. आणि तिथली धूळ म्हणजे वाळूची, सिलिकाची, छातीत जाऊन बसली की सिलिकोसिस, तो बरा होत नाही. आम्ही कापडी मास्क देत होतो, सरांनी तो तोंडाला लावून फुंकर मारून दाखवली, समोरची काडी विझली. चांगले मास्क आले, कानाचे प्लग आले, पण धूळ ओढून घेणारा डक्ट आणि ब्लोअर पाहिजे, त्याचं कोटेशन सव्वाचार लाखाचं आलंय आणि मालकांच्या टेबलावर काचेखाली आहे, मला दिसतं रोज. वहीत सगळ्यात जास्त वेळा त्याचंच लिहून आलंय, नऊवेळा. बसला की इथं येऊन अर्धा स्टार वाढवीन.